बॅटरी डिकीत नेताय? आधी फ्यूजची जागा ठरवा

ठाण्यात वागळे इस्टेटला मी गाड्यांचं वायरिंग करतो. बॅटरी बॉनेटखालून डिकीत हलवायला आलेला माणूस हमखास विचारतो, वायर किती जाड लागेल? मी विचारतो, फ्यूज कुठे बसवणार?

डिकीपासून सेल्फपर्यंतच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंतच्या, अख्ख्या वायरमध्ये चावी काढल्यावरही करंट असतो. बॅटरीपाशी फ्यूज नसताना घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत ती पत्र्याच्या कडेला घासली, इन्सुलेशन फाटलं, की शेकडो अँपिअर थेट बॉडीत जातात आणि गाडी पेटते. म्हणून मेगा किंवा एएनएल फ्यूज (मोठ्या करंटचे, बोल्टने बसणारे फ्यूज) पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. सेल्फजवळ लावलेला फ्यूज मागची वायर वाचवत नाही. लहान पेट्रोल गाडीला मी साधारण 250 अँपिअरचा लावतो. डिझेलला सेल्फचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) मोजूनच ठरवा.

आता जाडी. 5 मीटर लांब, 35 चौरस मिमी तांब्याच्या वायरमध्ये 200 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाया जातो. 50 चौरस मिमीमध्ये 0.35. डिझेल असेल तर 50 च घ्या. विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, घेऊ नका. लग, म्हणजे वायरच्या टोकाची बोल्टची कडी, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. खाडीच्या हवेत उघडं तांबं लवकर हिरवं पडतं.

वायर गाडीच्या आतून, कार्पेटखालून न्या. सीटच्या रेलखाली चेपणार नाही आणि पेट्रोलच्या पाइपला लागणार नाही, अशी. पत्र्यातून जाईल तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रिंग, हवाच. पुढे बॉनेटखाली सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा.

अर्थिंगकडे फार दुर्लक्ष होतं. डिकीत रंग खरवडून नागड्या पत्र्यावर, पॉझिटिव्हइतक्याच जाड वायरने बोल्ट कसा. इंजिन ते बॉडी पट्टीही तेवढीच जाड करा, कारण सेल्फचा सगळा करंट तिथूनच परततो.

बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, हवेत 4 टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बंद डब्यातून गाडीबाहेर नळी काढा. सील्ड बॅटरीलाही नळीचं तोंड असेल तर जोडा.

निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायची, सगळ्यात शेवटी जोडायची. मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड परत उघडा. निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉकमध्येही तेच मोजा.