ओढ्यासारखा प्लान्टेड टँक लावताय? या चुका टाळा

प्लान्टेड टँकमध्ये, म्हणजे खरी पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीत, ओढ्याचा देखावा उभारणारे बहुतेक जण आधी दगड रचतात, मग वाळू पसरतात, रोपं लावतात, पाणी भरतात आणि फिल्टरचा पाइप शेवटी जिथे जागा उरली असेल तिथे अडकवतात. पुढचे निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. ओढ्यात दगड कुठे अडकणार, वाळू कुठे साचणार, मॉस कशावर धरणार हे सगळं पाणीच ठरवतं. म्हणून टाकीतही पहिला प्रश्न तोच: पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार? कागदावर टाकीचा चौकोन काढा, त्यात एक बाण काढा, आणि मगच दगडाला हात लावा.

टाकीच्या मापाबद्दल थोडक्यात. ओढा उथळ असतो, त्यामुळे उंच टाकीत तो कधीच खरा वाटत नाही. ९० × ४५ × ३० सेंमीसारखी लांब, रुंद आणि बुटकी टाकी घ्या. तिच्यात साधारण १२० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच १२० किलोच्या आसपास. त्यात काच आणि दगड धरा आणि स्टँड त्या हिशेबाने निवडा.

दगडांची रचना

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकाच मापाचे गोटे सारख्या अंतरावर मांडणं. त्यातून ओढा होत नाही, फार तर बागेतला वाफा होतो. दुसरी चूक म्हणजे धारदार, टोकदार दगड आणि गुळगुळीत गोटे एकत्र वापरणं. गोटे गोल होतात ते पाण्यात घासून घासून. त्यांच्या शेजारी करकरीत धारेचा दगड उभा केला की डोळा लगेच अडखळतो. दगड एकाच जातीचे घ्या, पण मापं भरपूर वेगवेगळी ठेवा: दोन-तीन मोठे, त्यांच्या पायाशी मधले आणि मग बारीक खडी.

वाहत्या ओढ्यात एखाद्या मोठ्या दगडाकडे नीट पाहा. पाणी ज्या बाजूने येऊन आदळतं तिथे आणि दोन्ही कडांना तळ खरवडलेला असतो, तिथे जाड खडीच टिकते. दगडाच्या पाठीमागे मात्र पाणी मंदावतं आणि बारीक वाळूची निमुळती शेपटी तयार होते. टाकीत हे हातानेच करायचं असतं: समोर आणि बाजूंना जाड खडी, मागे बारीक वाळू. एवढ्यानेच पंप बंद असतानाही प्रवाहाची दिशा कळते.

चपट्या दगडांचंही तसंच. पाणी त्यांना ढकलत नेतं आणि शेवटी ते एकमेकांवर कौलांसारखे रेलून बसतात, वरची कड प्रवाह जातो त्या दिशेला कललेली. टाकीत लोक ते सपाट आडवे पसरतात, नाहीतर उलट्या दिशेला टेकवतात. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे जाणवतं. लाकडाचाही हाच नियम. ओंडका दगडाला अडकलेला आणि त्याच्या फांद्या प्रवाहाबरोबर मागे गेलेल्या असल्या तर तो वाहून आलेला वाटतो.

मोठे दगड वाळूवर ठेवू नका. खालची वाळू उकरणारे मासे आणि खुद्द प्रवाह, दोन्ही त्यांचा पाया पोखरतात आणि दगड काचेवर आदळतो. आधी तळाला फोमची पातळ शीट, तिच्यावर दगड, मग भोवती वाळू. वाळूत एक तृतीयांश गाडलेला दगड नेहमी जास्त मुरलेला दिसतो.

दगडात चुना आहे का हे पाहायला लोक व्हिनेगरचे थेंब टाकतात. फेस आला तर चुना आहे हे नक्की. पण फेस आला नाही म्हणून दगड निर्दोष ठरत नाही, कारण व्हिनेगर सौम्य असतं. खात्री हवी असेल तर एका बादलीत दगड आणि पाणी, दुसरीत नुसतं तेच पाणी असं आठवडाभर ठेवा आणि दोन्हींचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) मोजा. चुनखडीचा दगड विषारी नसतो, पण तो पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहतो. मऊ पाण्याचे मासे पाळायचे असतील तर हे रोजचं दुखणं होऊन बसतं. आणि दगड निर्जंतुक करण्यासाठी उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने खसखसून धुतलेला पुरे.

वाळू आणि ॲक्वासॉइल

मागच्या बाजूला काळं ॲक्वासॉइल (रोपांसाठीची पोषक दाणेदार माती), पुढे पांढरीशुभ्र वाळू, मधे वळणदार रेषा. फोटोत छान दिसतं. काही महिन्यांत काळे दाणे वाळूवर उतरतात आणि मग चमच्याने ते वेचत बसावं लागतं. उतार, प्रवाह आणि तळ ढवळणारे मासे हे तिन्ही त्या रेषेच्या विरोधात असतात. लहान दगड खोलवर दाबून बांध घातला तर वेळ मिळतो, एवढंच.

माझं मत विचाराल तर ओढ्याच्या टाकीत ॲक्वासॉइल बहुतेक वेळा लागतच नाही. इथली मुख्य रोपं दगडाला आणि लाकडाला चिकटून वाढतात, त्यांना पोषण पाण्यातून मिळतं. क्रिप्टोकोरिनसारखी मुळांतून खाणारी दोन-चार झुडपं काठाला लावायची असतील, तर त्यांच्या मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) खोचा आणि बाकी तळ साध्या वाळू-खडीचा ठेवा. वाळूसुद्धा चुन्यासारखी पांढरी नको, मिश्र रंगाची आणि मिश्र दाण्याची घ्या. तिचा पट्टा पुढे रुंद, मागे चिंचोळा ठेवला आणि मागच्या काचेजवळ लहान दगड वापरले की टाकी खोल वाटते.

प्रवाह कुठे चुकतो

साध्या प्लान्टेड टँकला फिल्टरने ताशी टाकीच्या ५ ते १० पट पाणी फिरवलं तर पुरतं. ओढ्याला १० पट किंवा त्याहून जास्त लागतं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि मीडिया (पाणी गाळणारा भराव) भरला, पाइपची उंची धरली की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो. शिवाय इनलेट (पाणी ओढणारं तोंड) आणि आउटलेट (पाणी सोडणारं तोंड) एकाच कोपऱ्यात असले तर पाणी तिथल्या तिथे गिरकी घेतं. पाणी लांबीच्या एका टोकाला सोडा आणि दुसऱ्या टोकाला ओढा, नाहीतर सुरुवातीच्या टोकाला एक छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) जोडा. ओढून घेणाऱ्या तोंडावर स्पंज हवाच, नाहीतर कोळंबी आणि पिल्लं आत जातात.

प्रवाह खरोखर कसा फिरतोय हे डोळ्यांनी बघता येतं. माशांच्या खाण्याची चिमूट चुरून आउटलेटसमोर सोडा. कण कुठे वेगाने जातात, कुठे गोल फिरतात, कुठे खाली बसतात ते पाहा. कोपऱ्यात सतत साचत असेल तर पाइपचं तोंड थोडं वळवा. मात्र सगळीकडे सारखा जोर यावा म्हणून धडपडू नका. दगडामागची शांत जागा हा दोष नाही, मासे तिथेच विसावतात आणि पानगळही तिथेच शोभते. जमलेला गाळ दर आठवड्याला पाणी बदलताना सायफनने काढा.

सुरुवातीला जोरात असलेला प्रवाह हळूहळू मंदावला तर नवीन पंप घेण्याआधी स्पंज बघा. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. क्लोरीनच्या नळाच्या पाण्याने धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

सीओटू आणि खळाळ

हा या टाकीतला खरा पेच. पृष्ठभाग जितका फेसाळेल तितका ऑक्सिजन आत येतो आणि तितकाच सीओटू, म्हणजे रोपांच्या वाढीसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड, बाहेर पळतो. मग माणूस बुडबुड्यांचा वेग वाढवतो. पुढे कधी स्पंज तुंबून खळाळ कमी झाला की तोच वाढवलेला सीओटू पाण्यात साठतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडतात. असं दिसलं तर आधी सीओटू बंद करा, एअर पंप लावा, कारण नंतर शोधा.

एक काहीतरी ठरवा. सीओटू नको असेल तर खळाळ हवा तेवढा ठेवा आणि सावकाश वाढणारी रोपं घ्या. सीओटू हवाच असेल तर पृष्ठभाग नुसता हलता ठेवा, फुटू देऊ नका, आणि दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी सीओटू सुरू करा. ४ डीकेएचचं (ठरावीक केएचचं) द्रावण भरलेला ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणारी कुपी, हिरवा असेल तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास आहात. त्याचा रंग उशिरा बदलतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्ह फिरवू नका.

रोपं आणि शेवाळ

अनुबियास, जावा फर्न, बुसेफेलँड्रा, बोल्बिटिस ही वाहत्या पाण्याला साजेशी रोपं. ती मरतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: त्यांचा राइझोम, म्हणजे पानं आणि मुळं फुटतात ती आडवी जाड दांडी, वाळूत पुरली जाते आणि कुजते. दांडी उघडी ठेवून दोऱ्याने बांधा किंवा जेल स्वरूपातल्या सुपरग्लूच्या टिपक्याने दगडाला चिकटवा. मॉसचा जाड गोळा बांधू नका, खालचा थर काळा पडून सुटतो. खालचा दगड थोडा दिसेल इतकं विरळ बांधा. आणि मुख्य धारेच्या मध्यभागी झुडपं नकोत. तिथे दगड आणि वाळू, रोपं काठाला आणि दगडांच्या आडोशाला.

नव्या क्रिप्टोकोरिनची पानं वितळली तर उपटून फेकू नका. मूळ घट्ट असेल तर नवी पानं येतात.

पहिल्या काही आठवड्यांत दगडांवर तपकिरी पूड धरते, ती बोटाने निघते आणि आपसूक कमी होते. नव्या लाकडावरची पांढरी बुळबुळीत साय त्रासदायक नाही, ब्रशने काढा. चिवट असतं ते काळं दाढीसारखं शेवाळ. ते आउटलेटच्या तोंडावर आणि पानांच्या कडांवर आधी दिसतं, म्हणून लोक प्रवाहाला दोष देतात. प्रवाहाच्या जागी ते जोमाने वाढतं खरं, पण मूळ बहुतेक वेळा अस्थिर सीओटू, जास्त प्रकाश आणि साठलेल्या घाणीत असतं. दिवा ६ तासांवर आणा. पंप बंद करून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट डागांवर सोडा, दर ४ लिटरला एकूण १ ते दीड मिलीच्या वर नाही, आणि दहा मिनिटांनी पंप सुरू करा. काही दिवसांत ते गुलाबी, मग पांढरट होतं. मॉसपासून मात्र दूर, त्याला हे औषध सोसत नाही.

मासे

मासे सोडण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा, साधारण ४ ते ६ आठवडे. लांब परांचा बेट्टा किंवा गुरामी या पाण्यात दमून जातो. डॅनिओ प्रवाहात मजेत पोहतात. सगळे मासे दिवसभर एकाच कोपऱ्यात फिल्टरमागे दडून असतील, तर जोर जास्त आहे किंवा आडोसे कमी आहेत.

हिलस्ट्रीम लोच हा मासा बघून अनेकांना मोह होतो. त्याला २० ते २४ अंशांचं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. २० अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यामुळे उकाड्यात नुसता पंप वाढवून भागत नाही, पाणी थंड ठेवावं लागतं. शिवाय तो दगडांवरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो. चकचकीत नव्या टाकीत सोडला तर उपाशी राहतो, तेव्हा दगड चांगले हिरवट होईपर्यंत त्याला आणू नका.