घरच्या शेडला पोर्टेबल बँडसॉ घ्यायचाय? आधी ब्लेड बघा, मशीन नंतर

सांगली मिरज कुपवाड पट्ट्यात दिवसा एमआयडीसीत नोकरी आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडात गेट, ग्रिल, नाहीतर तासगाव साईडच्या द्राक्षबागेचे अँगल असं काम करणारी पोरं भरपूर आहेत. वेल्डिंग मशीन, ४ इंची ग्राइंडर, १४ इंची चकतीचा कटर, एवढ्यावर सगळं चाललेलं असतं. पण रात्री आठनंतर कटर चालू केला की अख्खी गल्ली बाहेर येते, आणि शेडात रंगाचा डबा, थिनर, चिंध्या पडलेल्या असतात तिथंच ठिणग्या उडत असतात. बँडसॉ म्हणजे दोन पुलींवर गोल फिरणाऱ्या पट्टीसारख्या दातेरी ब्लेडनं लोखंड कापणारं मशीन, पोर्टेबल म्हणजे हातात धरून वापरायचं. त्याला ठिणगी जवळजवळ नसतेच, आवाज कमी, कापलेला तुकडा फार तापत नाही, आणि चकती जिथं ३ मिमीच्या आसपास मटेरियल खाते तिथं हे ब्लेड साधारण १ मिमी खातं. जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाईप कापला तर जस्त जळून तो पांढरा धूर नाकात जात नाही, माझ्या मते तर घ्यायला हे एकच कारण पुरेसं आहे.

आता घ्यायचा कुठला. बहुतेकजण वॉट आणि किंमत बघून ठरवतात, पण मशीन एकदा घेतलं की घेतलं, ब्लेड मात्र कायम घ्यायला लागतंय. म्हणून आधी ब्लेडची साईझ बघा. मोठ्या तोंडाच्या (म्हणजे ज्यात मोठा माल बसतो अशा) पोर्टेबलला जगभर चालणारी साईझ आहे ११४० मिमी लांब, १३ मिमी रुंद, ०.५ मिमी जाड, आणि छोट्या कॉम्पॅक्ट मशीनला बऱ्याचदा ८३५ मिमी. ऑनलाईन स्वस्तात दिसणाऱ्या काही मशीनला ह्याच्या अधलीमधली भलतीच लांबी असते, त्याचं ब्लेड फक्त तोच विकणारा देतो आणि उद्या त्यानं दुकान बंद केलं की मशीन भंगार. घ्यायच्या आधी गणपती पेठेतल्या किंवा तुमच्या नेहमीच्या टूलवाल्याला फोन करून सरळ विचारा, ११४० चं बायमेटल ब्लेड (लवचिक पट्टीवर कडक स्टीलचे दात असलेलं), इंचाला १४/१८ दात, मिळतंय का, नाहीतर मागवून किती दिवसात देता. कुणी मोठ्या बँडसॉच्या कॉईलमधून ०.९ मिमी जाडीचं कापून वेल्ड करून देतो म्हणाला तर नको म्हणा, पोर्टेबलची पुली लहान असते, जाड पट्टी त्यावर वाकून वाकून लवकर तुटते.

मग तोंड. इथं बरेचजण फसतात. ६३ मिमी तोंडाचं मशीन म्हटलं की वाटतं आपला ५० चा बॉक्स पाईप आरामात बसेल, सरळ कट असेल तर बसतोच. पण गेटच्या कोपऱ्याला ४५ अंशाचा कट लागतो आणि तिथं ५० चा पाईप ७१ मिमी होतो, एका दमात निघत नाही, फिरवून दोन्हीकडून कापा, कट जुळत नाही, मग फट वेल्डिंगनं भरत बसा. ४० चा पाईप ४५ ला ५७ मिमीच्या आत बसतो, तो जमतो. म्हणजे कामं ४० पर्यंतची असतील, किंवा बागेत जाऊन उभा अँगल कापायचा असेल, तर हलकं कॉम्पॅक्टच बरं. गेट आणि ट्रॉलीची कामं असतील तर १२० मिमी तोंडाचं बघा, त्यात ७५ चा बॉक्सपण ४५ ला निघतो.

स्पीड कमीजास्त करता येतो का हे तिसरं, ह्यात तडजोड नको. स्टेनलेसला हळू लागतं, अॅल्युमिनियमला जोरात, साधं लोखंड (एमएस) मध्ये कुठंतरी. अंदाजासाठी सांगतो, मकिताचं २१०७ हे जुनं नावाजलेलं मॉडेल ७१० वॉटचं आहे, तोंड १२० मिमी आणि ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण ६० ते १०२ मीटर. स्वस्तातलं कुठलंही मशीन ह्या आकड्यांशी लावून बघा. एकाच फुल स्पीडवर पळणारं असेल तर स्टेनलेसची रेलिंग त्याच्यावर करू नका, दात काळे पडून जातात. वॉट मात्र जास्त दिसले म्हणून भुलू नका, ब्लेड पातळ आहे, त्याला फार ताकद लागतच नाही.

वायरवालं की बॅटरीवालं? शेडातच काम असेल तर वायरवालं, पैसे वाचतात. बॅटरीवालं तेव्हाच, जेव्हा त्याच कंपनीची १८ व्होल्टची ड्रिल आणि बॅटऱ्या आधीपासून घरात आहेत. परदेशातून कुणी आणून देतो म्हणाला तर व्होल्टेज बघा, अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडं २३० वर लावलं की संपलं.

दुकानात गेलात की स्वतःचा ४० चा बॉक्स पाईपचा तुकडा आणि काटकोन बघायचा गुण्या बरोबर न्या. लाजू नका, पैसे तुम्ही देताय. कापून बघा आणि गुण्या लावा, कट तिरका जात असेल तर ब्लेड धरणारे गाईड ढिले आहेत किंवा ब्लेडला ताण कमी आहे. गाईडला बॉल बेअरिंग हवेत. ब्लेड काढून पुलीवरचं रबर बोटानं चाचपा, आणि तेच रबर, कार्बन ब्रश, गाईड बेअरिंग हे सुटे मिळतात का ते तिथंच विचारा. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटीचं बोलणं फुकट.

सेकंडहँड घेत असाल तर आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची बघायला लागते, ती म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा किती मशिनरी पाण्याखाली गेली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यातली काही पुसून, रंग मारून आजपण फिरत असते. प्लग काढून पुली हातानं फिरवा, करकर लागली तर गिअरबॉक्समध्ये गाळ असू शकतो. मोटरच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, स्क्रूच्या खाचांत गंज आणि वाळलेली माती दिसली की सोडून द्या. तरी मन होत असेल तर वायंडिंगवाल्याकडून मेगर (करंट बॉडीत गळतोय का ते तपासायचं मीटर) लावून घ्या, करंट बॉडीत येणारं मशीन फुकट मिळालं तरी घरात आणायचं नाही, शेडात पोरंबाळं येतात.

बजेट काढताना सगळे पैसे मशीनवर घालू नका, तीन-चार चांगल्या बायमेटल ब्लेडचे आधी बाजूला काढा. साध्या कार्बनच्या ब्लेडपेक्षा महाग पडतं पण टिकतंही खूप जास्त. दातांचा हिशोब सोपा आहे, कापताना कमीत कमी तीन दात मालात असायला हवेत. पातळ बॉक्स पाईप आणि पत्रा असेल तर इंचाला २४ दात, ३ ते ५ मिमीच्या अँगलला १४/१८, भरीव गजाला १०/१४. अँगल व्हाईसमध्ये कोपरा वर करून उलट्या व्हीसारखा बांधा, मग ५ मिमीची बाजू ब्लेडला तिरकी ७ मिमी लागते, जास्त दात बसतात आणि ब्लेड अडकत नाही.

नवीन ब्लेड लावलं की पहिले काही कट अगदी हलक्या हातानं घ्या, दातांची धार बसू दे, इथं घाई केली की ब्लेडचं अर्धं आयुष्य गेलं समजा. नंतरसुद्धा दाबायचं नाही, मशीनचं वजनच पुरतं. पुढची लोखंडी स्टॉप प्लेट मालाला टेकवूनच ट्रिगर दाबा, मोकळी ठेवली की ब्लेड माल ओढतं आणि जोरात झटका बसतो. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा, बेअरिंगची रिंग, कडक केलेली शाफ्ट असलं काही ह्याच्यावर कापू नका, कोयत्यासाठी पाटा हवा असेल तर तो ग्राइंडरनंच कापा. उभं बसवून टेबलासारखं वापरायला घरी स्टँड बनवता येतो, पण त्यासाठी ट्रिगरला कायमची टाय बांधून ठेवू नका, पाय उचलला की बंद होणारा फूट स्विच लावा. त्या टेबलावर हातमोजे नकोत, चष्मा पाहिजेच. पातळ कूलंट ओतायचं नाही, ते पुलीवर गेलं की ब्लेड घसरतं, कटिंग वॅक्सची कांडी चालत्या ब्लेडला जरा टेकवली की झालं, आणि काम संपलं की प्लग काढून पुलीवरचा लोखंडी कीस ब्रशनं झाडून घ्या.