पुढचं चाक धरतंय? आधी निपल उघडा

गेल्या पावसाळ्यात करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकाला जळका वास. घाट उतरून आलो असतो तर एक वेळ समजलं असतं, पण चढाला ब्रेकवर पाय पडतो तरी किती? बाटलीतलं पाणी हातानं रिमवर शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले. उजवीकडे नुसते ओघळले. (तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.)

गाडी आमची जुनी, फोर बाय फोर, आठ माणसं आणि शेताचं सामान नेणारी. कोल्हापुरात एका गॅरेजात पॅड बदलले, महिन्यानं कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किटही टाकलं. वास तसाच. मग रविवारी मीच अंगणात बसलो.

मागच्या चाकांना दगड, पुढं जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफरचा दांडा टू व्हीलवर, हब फ्री. हे विसरलात तर चाकाबरोबर अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियलही फिरतं आणि जडपणा ब्रेकचा की त्यांचा, कळत नाही. फ्री हब नसलेल्या गाडीत थोडा जडपणा राहणारच, दोन्ही बाजू ताडून बघा. पॅडची हलकी घासर चालते. चाक वर-खाली धरून हलवा. डुगडुगलं तर बेअरिंग आधी बघा.

आता घरातल्या कुणाला तरी ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा. आमच्या थोरल्यानं पाय काढला आणि चाक दोन्ही हातांनी हलेना. खरी परीक्षा इथं आहे. कॅलिपरच्या निपलला, म्हणजे एअर काढायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक डब्यात सोडा आणि निपल पाव फेरा ढिलं करा. पेडलवर पाय नको. माझ्याकडे चहासारखं काळपट ब्रेक ऑइल पिचकारीसारखं आलं आणि चाक एका बोटानं फिरलं.

म्हणजे दाब अडकलेला होता, कॅलिपर बिचारा निर्दोष. निपल उघडूनही चाक जाम राहिलं तर मात्र दोष तिथलाच: पिस्टन गंजलेला, सरकत्या पिना अडकलेल्या किंवा पॅड खाचेत रुतलेले. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि दुखणं वाढतं.

दाब कुठं अडकलाय ते शोधायला निपल बंद करून ब्रेक पुन्हा दाबून सोडा. आता चासीजवळ, होसच्या (कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी) वर, लोखंडी नळीचा नट जरा ढिला करा. पाना फ्लेअरचाच घ्या, साध्यानं गंजलेल्या नटाच्या कडा जातात. इथं चाक सुटलं तर दोष वरचा, आणि दोन्ही पुढची चाकं धरत असतील तर संशय पक्का: पेडलची मोकळी चाल संपलेली, बूस्टरचा दांडा लांब झालेला, नाहीतर पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बुजलेलं. माझं चाक इथं सुटलं नाही. मग होसच.

बाहेरून त्याला साधी चीर नव्हती. पण हॅक्सॉनं उभा चिरला तर आतलं रबर फुगून सुई जाईल एवढंच भोक उरलेलं. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जायचं, परत यायला जोरच नाही.

उजवा होसही त्याच वयाचा, म्हणून तोही बदलला. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीवरचं वाचून डॉट 3 ऑइल भरलं, एअर काढली. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. नवं डॉट 3 किमान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं 140 लाही. धरणाऱ्या चाकानं घाट उतरताना ते उकळलं तर पेडल थेट फळीला टेकतं. तशी गाडी चालवू नका.

पुढच्या आठवड्यात पुन्हा घाट चढून त्याच टपरीवर थांबलो. दोन्ही रिमांना उलटा हात लावला. सारख्याच कोमट.