ठिपकेदार अंडी हवीत, तर आधी कोंबडा तपासा

कोंबडीचं अंडं रंगतं फक्त दोन रंगद्रव्यांनी: तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन आणि निळं बिलिव्हर्डिन. दोन्ही नसतील तर अंडं पांढरं. निळा रंग कवच तयार होत असताना त्यात आरपार मुरतो. तपकिरी मात्र अगदी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. खात्री करायची असेल तर अंडं फोडून आतली पातळ त्वचा सोलून टाका आणि कवच उजेडात धरा. तपकिरी अंडं आतून पांढरं दिसेल, हिरवं अंडं आतून निळं. हिरवा असा वेगळा रंग नाहीच, तो निळ्यावर चढलेला तपकिरी.

ठिपके म्हणजे हाच तपकिरी रंग, फक्त सारखा न पसरता जागोजागी साचलेला. नुकतं घातलेलं गडद अंडं ओलं असतानाच अंगठ्याने घासलं, तर रंग अंगठ्याला लागतो आणि अंड्यावर फिकट डाग राहतो. म्हणून उबवायची किंवा प्रदर्शनात मांडायची अंडी घासू नका, धुऊ तर अजिबात नका. हाताला खरखरीत लागणारे पांढरे दाणे मात्र वेगळे. ते जादा चुन्याचे असतात, रंगाचे नाहीत, आणि त्यांवरून निवड करायची नसते.

आता वारसा. निळ्याचं गणित सोपं आहे, कारण तो एकाच प्रभावी जनुकाचा खेळ आहे. प्रत्येक पक्ष्यात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक निळ्याची असली तरी निळा येतो. एक प्रत असलेला कोंबडा पांढऱ्या किंवा तपकिरी अंड्यांच्या कोंबडीला लावला, तर साधारण निम्म्या मुली निळी-हिरवी अंडी देतील. दोन प्रती असतील तर सगळ्याच. कोंबड्याकडे किती प्रती आहेत हे मुलींवरूनच कळतं: एकीनेही बिननिळं अंडं दिलं की त्याच्याकडे एकच प्रत. सहाच्या सहा मुली निळ्या निघाल्या तर दोन प्रती असाव्यात, कारण एका प्रतीवर तसं घडण्याची शक्यता 64 मध्ये 1. निळी अंडी देणाऱ्या अराउकाना जातीच्या वंशात वाटाण्यासारख्या तुऱ्याचं जनुक निळ्याच्या अगदी शेजारी असतं. त्यामुळे अशा संकरातल्या पिल्लांमध्ये तो तुरा निळ्याची बऱ्यापैकी भरवशाची खूण ठरतो, पण शंभर टक्के नाही.

तपकिरीचं तसं नाही. त्यात अनेक जनुकं थोडाथोडा हात लावतात, म्हणून गडद आणि पांढऱ्याच्या संकरातून मधलीच, दुधाळ-बदामी अंडी मिळतात. ठिपके हवेत तर मारान, वेल्समर किंवा पेनेडेसेंका या गडद अंड्यांच्या जातींच्या वंशापासून सुरुवात करा. कानाच्या पाळीवरून अंदाज बांधू नका: पेनेडेसेंकाची पाळी पांढरी असूनही अंडं गडद तपकिरी असतं.

इथेच बहुतेकांचं चुकतं. उत्तम ठिपक्यांची कोंबडी निवडतात आणि कोंबडा दिसायला देखणा म्हणून ठेवतात. तो अंडी घालत नाही, पण मुलींच्या अंड्यांचा निम्मा रंग त्याच्याकडून येतो. त्याच्या आईची आणि बहिणींची अंडी पाहिल्याशिवाय त्याला ठेवू नका.

कोणती कोंबडी कोणतं अंडं घालते हे आधी नक्की करा. संशय असेल तिच्या गुदद्वाराशी खाण्याचा रंग लावला, की अंड्यावर त्याची रेघ उमटते. तलंगीची, म्हणजे नुकतीच अंडी द्यायला लागलेल्या तरुण कोंबडीची, पहिली दोन-तीन आठवड्यांची अंडी सोडून द्या, मग सलग दहा अंड्यांचे फोटो एकाच उजेडात घ्या. दहापैकी आठांवर ठिपके असतील तीच निवडा. एखाद्याच देखण्या अंड्यावर भाळू नका. जुना कोंबडा काढल्यावर नव्याची अंडी उबवायला घेण्याआधी 3 आठवडे थांबा, कारण जुन्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात तेवढा काळ टिकू शकतं. अंडी 7 दिवसांच्या आत उबवायला ठेवा. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये तापमान 37.5 अंश ठेवा, 18 व्या दिवसापर्यंत अंडी फिरवा, 21 व्या दिवशी पिल्लं. आत पिल्लू वाढतंय का हे अंडं उजेडासमोर धरून बघतात, पण गडद कवचातून उजेड नीट जात नाही, त्यामुळे 7 व्या दिवशी काही दिसलं नाही तर अंडं फेकू नका, 10 व्या दिवशी पुन्हा बघा.

रंग अचानक फिका पडला तर जनुकांना दोष देऊ नका. कडक ऊन, कुत्र्या-मांजराची धास्ती किंवा अंडं घालायला जागाच न मिळणं यानेही तो बिघडतो. अंडं आत जास्त वेळ अडकलं तर त्यावर चुन्याचा पांढरट थर चढतो. चार-पाच कोंबड्यांमागे 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक आडोशाचा खोका ठेवा. लेयर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात) 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं, शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. अंडी देण्याच्या हंगामात रंग हळूहळू फिकट होत जातो आणि पीस झडून विसावा मिळाल्यावर पुन्हा गडद होतो, म्हणून निवडीचे फोटो हंगामाच्या सुरुवातीलाच घ्या. मात्र फिक्या रंगासोबत कवच पातळ, सुरकुतलेलं येत असेल आणि कोंबड्या शिंकत असतील, तर तो श्वासनलिकेचा संसर्ग असू शकतो. त्या कोंबड्या लगेच वेगळ्या ठेवा, पशुवैद्यांना बोलवा आणि तोवर एकही अंडं उबवायला घेऊ नका.