अवघड गणिताचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर

पदवीच्या गणितातला रिअल ॲनालिसिस किंवा ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्राचा पेपर पहिल्यांदा देणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. हॉलमधून बाहेर पडताना पेपर कसा गेला असं वाटतं आणि प्रत्यक्षात गुण किती पडतात, यांचं नातं शाळेतल्या गणिताइतकं सरळ राहत नाही. मी हे पेपर दिले आहेत, पुढे तपासलेही आहेत. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: पेपर सुटल्यानंतरच्या पहिल्या तासात आपण कुठे आणि कसे अडलो याची जी ताजी आठवण असते, ती फार मोलाची असते. बाहेरच्या गलक्यात ती सगळ्यात आधी हरवते.

शाळेत उत्तर जुळलं की विषय संपायचा. इथे प्रश्न असतात ‘सिद्ध करा’, ‘कारणासह सांगा’, ‘प्रतिउदाहरण द्या’ असे. तरीही जिन्यावर पहिला प्रश्न जुनाच येतो, “तुझं काय आलं?” मग चारजणांचं एक आलं आणि आपलं वेगळं, की पोटात गोळा येतो.

एक प्रश्न घ्या. श्रेणीचं एनवं पद आहे १ भागिले ‘एनचा (१ + १/एन) वा घात’. ही श्रेणी अभिसारी (बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाणारी) की अपसारी (तशी न जाणारी)? बाहेर बहुतेक जण ठामपणे म्हणतील, “घात १ पेक्षा मोठा आहे ना, मग अभिसारी.” ऐकायला पटतंही. पण तो नियम घात स्थिर असतो तेव्हाचा. इथे तो एनबरोबर बदलतो आणि १ कडे सरकत जातो. एनचं एनवं मूळ १ कडे जातं, त्यामुळे १/एनच्या अपसारी श्रेणीशी तुलना केली की हीही अपसारी ठरते. म्हणजे वर्गातल्या ज्या एकट्या मुलीने ‘अपसारी’ लिहिलं, ती बाहेरच्या बहुमतापुढे गप्प होऊन घरी जाते आणि रात्रभर स्वतःला कोसत बसते, बरोबर असूनही.

‘मस्त गेला’ म्हणणाऱ्यांचंही असंच आहे. एक्सचा एनवा घात ही फलांची (फंक्शन्सची) क्रमिका ० ते १ या अंतरावर, १ सोडून, शून्याकडे जाते. ती एकसमान रीतीने, म्हणजे सगळ्या एक्सना एकच एन पुरेल अशी, जाते का, हा परीक्षेतला आवडता प्रश्न. विद्यार्थी एप्सिलॉन (कितीही लहान धन संख्या) घेतो, एक्स घेतो, लॉगरिदम वापरून छानपैकी मोठा एन शोधतो आणि ‘म्हणून एकसमान अभिसरण’ असं लिहून पुढे जातो. कुठेही अडत नाही, म्हणून पेपर सोपा वाटतो. पण त्याने निवडलेला एन एक्सवर अवलंबून आहे. एक्स १ च्या जवळ नेला की तो एन वाढतच जातो, सगळ्या एक्सना पुरेल असा एकच एन मिळत नाही. प्रश्नाचा जीव नेमका तिथे होता, आणि त्याला तिथे काही अडचण दिसलीच नाही. जो त्याच जागी अडून बसला, त्याला निदान प्रश्न काय विचारतोय ते कळलं होतं.

आता ‘वाट लागली’ म्हणणाऱ्याकडे या. क्रमिका एल या सीमेकडे जात असेल, तर तिच्या पहिल्या एन पदांची सरासरीही एलकडे जाते, हे सिद्ध करायचं होतं. या मुलाने व्याख्या नीट लिहिली. बेरजेचे दोन तुकडे केले: सुरुवातीची काही पदं आणि उरलेली. उरलेली एलच्या जवळ आहेत, म्हणून तो तुकडा एप्सिलॉनच्या आत आणला. सुरुवातीच्या तुकड्याचं काय करायचं ते सुचेना, आणि घंटा झाली. बाहेर येऊन तो म्हणतो, “एकही प्रूफ पूर्ण झालं नाही, शून्य मिळणार.” तपासणाऱ्याला दिसतं ते वेगळंच. बेरीज तोडायची ही कल्पना म्हणजे या प्रमेयाचा कणा, आणि ती त्याला सुचली. राहिलं ते इतकंच की सुरुवातीच्या पदांची बेरीज ठरलेली आहे, तिला एनने भागलं की ती हवी तेवढी लहान होते. टप्प्याटप्प्याने गुण देणारा परीक्षक इथे निम्म्याहून जास्त गुण सहज देतो. शेवटची एक ओळ राहिली म्हणून या मुलाने ‘मला ॲनालिसिस जमत नाही’ असं ठरवलं, तर मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याला ते जमत होतं.

अर्धवट सोडवलेल्या पेपरमुळे आपली लायकी ठरली, असं वाटणाऱ्यांनी गणिताच्या मोठ्या स्पर्धांकडे पाहावं. अमेरिका आणि कॅनडातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी १९३८ पासून होणाऱ्या पुटनम स्पर्धेत १२ प्रश्न आणि १२० गुण असतात. कितीतरी वर्षी, गुणांच्या क्रमाने लावलं तर, मधल्या विद्यार्थ्याचे गुण ० किंवा १ इतकेच असतात, आणि या परीक्षेला बसणारे गणिताची आवड असलेलेच असतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधला तिसरा प्रश्न ६१५ पैकी ६०८ जणांना शून्य गुण देऊन गेला. ती सगळी आपापल्या देशातून निवडून आलेली मुलं होती. १९८८ च्या ऑलिंपियाडमधला सहावा प्रश्न तर प्रसिद्धच आहे. त्यात पुढे नामवंत गणितज्ञ झालेल्या टेरेन्स ताओ यांना ७ पैकी १ गुण मिळाला, आणि त्याच स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही मिळवलं. अर्थात विद्यापीठाचा पेपर म्हणजे स्पर्धा नव्हे. ‘सगळ्यांचाच वाईट गेलाय’ यावर विसंबून राहू नका. काही ठिकाणी अवघड पेपरनंतर गुणांची पातळी जुळवून घेतात, काही ठिकाणी नाही. आपल्याकडे काय नियम आहे ते परीक्षा विभागाला विचारलं की कळतं, त्यावर तर्क लढवत बसू नये.

आणखी एक अनुभव जवळजवळ सगळ्यांना येतो, आणि तो जिव्हारी लागतो. हॉलमध्ये तासभर झगडून न सुचलेली कल्पना बाहेर पडल्यावर रस्त्यात अचानक सुचते. मग ‘दहा मिनिटं आधी का नाही?’ म्हणून जीव तळमळतो. फ्रेंच गणितज्ञ आँरी प्वांकारे यांनी आपला असाच अनुभव सांगून ठेवला आहे: ज्या फलांवर ते काम करत होते, त्यांचा अयुक्लिडीय (युक्लिडच्या भूमितीहून वेगळ्या) भूमितीशी असलेला संबंध त्यांना कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना सुचला, तेव्हा ते गणिताचा विचारही करत नव्हते. आधी कसून घेतलेले कष्ट मागे असले की असं होतं. त्यामुळे रस्त्यात सुचलेलं ते उत्तर दुःख करत विसरू नका, लगेच टिपून ठेवा.

टिपून ठेवणं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोणाशीही बोलण्याआधी एखाद्या कोपऱ्यात बसा आणि प्रत्येक प्रश्नापुढे आपण कुठे थांबलो ते लिहा. ‘दुसरा प्रश्न नाही आला’ असं लिहून काही कळत नाही. ‘कॉम्पॅक्ट संचाची व्याख्या आठवली, पण उघड्या संचांचं आवरण कुठून आणायचं ते सुचेना’ असं लिहा. व्याख्याच आठवली नसेल, तर पाठांतर कच्चं आहे आणि ते आठवड्याभरात सुधारतं. प्रमेय आठवलं पण त्याच्या अटी तपासल्या नाहीत, तर उदाहरणं कमी पाहिली आहेत. कल्पनाच सुचली नसेल, तर आणखी नोट्स वाचून उपयोग नाही, आधी न सोडवलेली गणितं पुस्तक मिटून सोडवावी लागतात, आणि त्याला महिने लागतात. वेळ पुरला नसेल, तर कोणत्या प्रश्नाने किती वेळ खाल्ला ते लिहा. ही चार दुखणी वेगळी आहेत, पण दुसऱ्या दिवशी आठवायला गेलं की सगळ्यांचं मिळून ‘पेपर अवघड होता’ एवढंच उरतं.

‘सिलॅबसच्या बाहेरचं होतं’ ही तक्रार प्रश्नपत्रिका आणि अभ्यासक्रम शेजारी ठेवून मगच करा. पुष्कळदा तो प्रश्न शिकवलेल्याच प्रमेयाचा वेगळ्या शब्दांतला उपयोग निघतो. पण खरंच बाहेरचा असेल, किंवा छपाईत अट सुटून विधानच खोटं झालं असेल, तर गप्प बसू नका. प्रश्नाचा क्रमांक, त्यातले नेमके शब्द आणि शक्य असेल तर ते विधान खोटं पाडणारं प्रतिउदाहरण देऊन वर्गाने मिळून अर्ज द्यावा. रागाच्या चार पानांपेक्षा एका प्रतिउदाहरणाला जास्त वजन असतं.

परवा दुसरा पेपर असेल तर टिपण बाजूला ठेवा आणि गटातल्या चर्चेतून सरळ निघून जा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

मित्रमैत्रिणींवर मात्र लक्ष असू द्या. मोठ्याने ‘मी गेलो’ म्हणणारा बहुधा संध्याकाळपर्यंत सावरतो. न बोलता निघून गेलेल्याची मला जास्त काळजी वाटते. त्याला फोन करा, पण उत्तरं विचारू नका. जेवण-झोप सुटली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना, शिक्षकांना, समुपदेशकाला त्याच दिवशी सांगा.

निकालानंतर उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर ती जरूर मागा, गुण चांगले असले तरीही. आपलं त्या दिवशीचं टिपण तिच्या शेजारी ठेवून वाचा. जिथे तुम्ही ‘नीट जमलं’ लिहिलंय आणि परीक्षकाने गुण कापलेत, तिथून सुरुवात करा. ती सिद्धता कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा, प्रत्येक ओळीपुढे ‘हे कशावरून?’ असं विचारा, आणि उत्तर सापडणार नाही त्या ओळीखाली रेघ मारून शिक्षकांकडे घेऊन जा.