प्रोबायोटिक घेताना या चुका टाळा: घरच्या विरजणापासून औषधाच्या पुडीपर्यंत

प्रोबायोटिक घेऊनही गुण आला नाही, ही तक्रार पुण्यातल्या पुष्कळ घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा पोटात पोचेपर्यंत ते जिवाणू मेलेले असतात, किंवा ज्या त्रासासाठी घेतले त्यावर त्यांचा काही इलाज नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत असावेत, पुरेशा संख्येने असावेत आणि त्यांचा घेणाऱ्याला फायदा व्हावा. पुढच्या बऱ्याचशा चुका यातली एखादी अट मोडल्यामुळे होतात.

पुडी गरम दुधात किंवा चहात टाकणं

लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम गटातले जिवाणू 50 अंशांच्या पुढे भराभर मरतात. चहा कपात ओतल्यावर बराच वेळ 60 अंशांच्या वर असतो. म्हणून पुडी साध्या पाण्यात, गार दुधात किंवा ताकात कालवा आणि लगेच संपवा. अपवाद बॅसिलस क्लॉसीसारख्या बीजाणूरूपातल्या जिवाणूंचा. त्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या उष्णता बऱ्यापैकी सोसतात आणि फ्रिजबाहेरही टिकतात. पण हा नियम सगळ्या पुड्यांना लावू नका. ‘2 ते 8 अंशांत ठेवा’ असं छापलेलं असेल तर ते पाळावंच लागतं. एप्रिलमध्ये लक्ष्मी रोडवरची खरेदी आटपेपर्यंत असं पाकीट बंद गाडीत राहिलं, तर नंतर फ्रिजमध्ये ठेवून मेलेले जिवाणू परत येत नाहीत. असं औषध सगळ्यात शेवटी विकत घ्या आणि सरळ घरी न्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असेल तेव्हा फ्रिज उघडू नका. दार बंद असेल तर चार तास आतली थंडी टिकते.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच घोटात

अँटिबायोटिक जिवाणू मारतं, ते आपले का परके हे बघत नाही. दोन्हींत किमान 2 तासांचं अंतर ठेवा. गोळी सकाळी 8 आणि रात्री 8 ला असेल तर प्रोबायोटिक दुपारच्या जेवणाबरोबर घेणं सोयीचं पडतं. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायचे असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरुवात करा आणि कोर्स संपल्यावरही साधारण आठवडाभर चालू ठेवा. सॅकरोमायसिस बोलार्डी हा जिवाणू नाही, यीस्ट आहे. 1923 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आन्री बोलार यांनी तो लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून वेगळा केला. जिवाणूंवरच्या औषधाने तो मरत नाही, पण बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलसारख्या गोळीने मरतो.

याच प्रकरणात एक चूक सर्रास होते आणि तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. ‘पोटाला बरं’ म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी वाटीभर दह्याबरोबर घेतली जाते. दह्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, औषध रक्तात कमी उतरतं आणि संसर्ग हटत नाही. या गोळ्या पाण्याबरोबर घ्या. दही-ताक गोळीनंतर दोन तासांनी घ्या, आणि आधी दही खाल्लं असेल तर गोळीचं अंतर डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरच्या दह्याचं काय बिघडतं

दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण ते नीट लागलेलं असेल तेव्हाच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो आणि एप्रिलच्या दुपारी 38-40 वर जातो. बारा महिने तोच चमचा आणि तेवढाच वेळ ठेवून कसं चालेल?

अर्धा लिटर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर 5 मिनिटं ढवळत ठेवा. त्यामुळे दुधातली विरघळणारी प्रथिनं उलगडून केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट लागतं. पिशवीचं टोन्ड दूध (फॅट 3 टक्के) घेतलं तर दही जरा पातळ होणार. घट्ट हवं असेल तर फुल क्रीम (फॅट 6 टक्के) घ्या. दूध 40-42 अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागावा, चटका बसू नये. उन्हाळ्यात एक लहान चमचा विरजण पुरतं, थंडीत एक मोठा चमचा लागतं. विरजण आधी वाटीत दोन चमचे दुधात घोटून घ्या, मग सगळ्या दुधात मिसळा. गुठळी तशीच टाकली तर एका जागी दही आंबट होतं आणि बाकीचं पातळ राहतं. उन्हाळ्यात 4-5 तास, थंडीत 9-10 तास लागतात. थंडीत भांडं जाड टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. लागत असताना हलवू नका.

आता बिघाड. ठरलेला वेळ उलटूनही दूध तसंच असेल पण वास ठीक असेल, तर बहुतेक वेळा गारठा कारण असतो. भांडं 40 अंशांच्या पाण्यात बसवा, अजून एक चमचा विरजण घाला आणि दोन तास थांबा. दूध फार गरम असताना विरजण घातलं असेल, तर ते निवल्यावर नवीनच विरजण घालावं लागतं. विरजण ताजं आहे, तापमान बरोबर आहे, तरीही लागोपाठ दोनदा लागलं नाही तर दूध बदलून बघा. गाई-म्हशीला कासदाहासाठी (कासेच्या सुजेसाठी) अँटिबायोटिक दिलं की त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. तेवढे दिवस ते दूध विकायचं नसतं. ते बाजारात आलं तर विरजणातले जिवाणू त्यात वाढत नाहीत.

दह्याला तार सुटली, चमच्याबरोबर लांब चिकट धागा आला, तर विरजणात साखरेचे लांब रेणू सोडणारे जिवाणू माजलेले असतात. गारठ्यात हे जास्त होतं. ते विषारी नसतं, पण विरजण बाद समजा आणि शेजारून नवीन आणा. दह्याला पाणी सुटणं म्हणजे ते जास्त वेळ बाहेर राहिलं किंवा हललं. ते पाणी ओतून देऊ नका, कणीक भिजवायला वापरा. फार आंबट दही म्हणजे ‘जास्त जिवाणू’ हा समजही चुकीचा आहे. आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की त्यातले काही जिवाणू स्वतःच्याच आम्लात मरायला लागतात. दही अदमुरं, नुकतं लागलेलं असताना फ्रिजमध्ये सरकवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर दही त्यात कळकतं. आम्लाने तांबं सुटतं, दही हिरवट होतं, मळमळतं, उलटी होते. काच, स्टील किंवा मातीचं मडकं वापरा. मडकं पाणी शोषून घेतं, त्यामुळे कवडी दही लागतं. वर गुलाबी डाग, केसाळ बुरशी किंवा कुबट वास दिसला तर वरचा थर काढून खाली खायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

असं चांगलं दहीही औषधी प्रोबायोटिकची जागा घेत नाही. त्यात कोणते जिवाणू किती आहेत हे घरोघरी आणि रोज बदलतं. पण त्याचा एक फायदा पक्का सिद्ध आहे. दूध प्यायलं की ज्यांना गुबारा धरतो, जुलाब होतात, त्यांना दही बऱ्याचदा सोसतं. दह्याच्या जिवाणूंमधलं विकर (एन्झाइम) दुधातली साखर फोडायला मदत करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये योगर्टच्या जिवंत जिवाणूंबद्दल हा दावा मान्य केला.

आंबवलेलं ते सगळं प्रोबायोटिक

इडली-ढोकळ्याचं पीठ आंबतं तेव्हा त्यात करोडो जिवाणू असतात, पण उकड काढली की मरतात. पीठ आंबल्याने धान्यातलं फायटेट (लोह-झिंक धरून ठेवणारा घटक) कमी होतं, पचायला हलकं पडतं, हा फायदा उरतोच. पण इडली खाऊन जिवाणू पोटात गेले असं म्हणता येत नाही. ताकाची कढी उकळली की तीच गत. लग्नातला मठ्ठा मात्र चालतो, फोडणी वरून थोडीच घातलेली असेल तर. आपलं कैरीचं-लिंबाचं लोणचं भरपूर मीठ आणि तेलात मुरतं. त्या मिठात लॅक्टिक जिवाणू नीट वाढत नाहीत. गाजर-बिटाची कांजी मात्र 2-3 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला 20-30 ग्रॅम मीठ घालून, तीन-चार दिवसांत जिवाणूंमुळेच आंबते.

नाव अर्धंच वाचणं

‘लॅक्टोबॅसिलस आहे ना, मग झालं’ हे पुरत नाही. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी यात शेवटचा ‘जीजी’ हा वाण (स्ट्रेन, म्हणजे जातीतला ठरावीक उपप्रकार) आहे आणि अभ्यास त्याच वाणावर झालेले आहेत. त्याच जातीचा दुसरा वाण तसंच काम करेल याची खात्री नाही. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथेही प्रत्येक वाणाला स्वतःचा क्रमांक असतो, ते याचसाठी. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची (जीनसची) फोड करून 23 नवी नावं दिली गेली. त्यामुळे ‘लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस’ असं छापलेलं दिसलं तर ती जात जुनीच आहे.

पाकिटावर संख्या सीएफयूमध्ये, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत पेशींच्या मोजणीत असते. भारतीय नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत पेशी हव्यात. ही संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ आहे की ‘मुदत संपेपर्यंत’ आहे, हे बघा. दुसरीच खरी उपयोगाची. आणि 500 कोटीपेक्षा 5,000 कोटी आपोआप चांगलं ठरत नाही. अभ्यासात जी मात्रा होती ती घ्यावी.

जुलाबात आधी पुडी, मग पाणी

लहान मुलाला जुलाब लागले की पहिलं काम मीठ-साखरेच्या पाण्याचं. ओआरएसची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, अर्धी करून नाही. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. प्रोबायोटिक त्यानंतर. 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत मुलांच्या तीव्र जुलाबांवर प्रोबायोटिकचा फरक दिसला नाही. पुडी देण्यात वेळ घालवून मूल शुष्क पडलं तर नुकसान मोठं आहे.

दोन दिवसांत सोडणं आणि वर्षभर चालू ठेवणं

पहिले काही दिवस गॅस वाढू शकतो. अर्धी मात्रा करा, आठवड्याने पूर्ण करा. पोटात मुरडा, गुबारा, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब अशा जुनाट तक्रारींसाठी एक वाण रोज, ठरल्या वेळी, किमान 4 आठवडे घ्या. बारा आठवड्यांत फरक नाही तर बंद करा. तीन प्रकार एकदम सुरू केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

या जिवाणूंपैकी बहुतेक आतड्यात कायम राहत नाहीत, थांबवलं की काही दिवसांत बाहेर पडतात. तुमच्या स्वतःच्या जिवाणूंना जगवतो तो अन्नातला चोथा (फायबर). मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम लागतो. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, कांदा-लसूण, सालासकट फळं, गार करून खाल्लेला भात, यांतून मिळतो. पण एका दिवसात वाटीभर मटकीवर झेप घेऊ नका. आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि पाणीही वाढवा, नाहीतर दोष पुडीला लागेल आणि गॅस मटकीचा असेल.

कुणी स्वतःहून घेऊ नये

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, छातीतल्या मोठ्या शिरेत नळी असलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं. यांच्या रक्तात हे जिवाणू किंवा यीस्ट शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. नेदरलँड्समध्ये 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांमध्ये प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मृत्यू जास्त झाले. अशा रुग्णाला घरून ‘निरुपद्रवी’ म्हणून ताकाची बाटली नेण्याआधीही वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा.

शौचात रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पोटदुखीने किंवा जुलाबाने रात्री जाग येणं, ताप, पन्नाशीनंतर शौचाची सवय एकदम बदलणं. यातलं काहीही असेल तर पुडी बाजूला ठेवा आणि तपासणी आधी करून घ्या.