एअरफायबर घेताय? आधी गच्चीवर चढा: सीमाभागात हमखास होणाऱ्या चुका

एअरफायबर म्हणजे तारेऐवजी मोबाइल टॉवरवरून घरी येणारं नेट; ते पकडायला गच्चीवर एक युनिट बसवतात. कंपनीच्या ॲपमध्ये ५९१३०२ हा पिनकोड टाकला, 'सेवा उपलब्ध' दिसलं आणि लगेच पैसे भरले. खानापूर भागातली ही सर्रास चूक. एका पिनकोडात बाजारपेठही येते आणि झाडीतल्या वाड्याही. कंपनीचं उत्तर बहुधा पूर्ण परिसराला धरून असतं, आणि सिग्नल मात्र तुमच्या गच्चीच्या कोपऱ्यावर ठरतो. म्हणून पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला फाइव्ह-जी फोन घेऊन गच्चीवर जा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडा. तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, उणे आकडा दिसतो; तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. चारही कोपऱ्यांत दोन-दोन मिनिटं थांबून तो वहीत लिहा. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १००पर्यंत चालेल, उणे ११० आलं तर प्लॅन कितीही महागाचा घ्या, उपयोग नाही. ३ डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद निम्मी, त्यामुळे उणे ९५ आणि उणे ९८ 'जवळजवळ सारखेच' समजू नका.

फोनवर 'फाइव्ह-जी' लिहून येतं, त्यावरही भुलू नका. ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा (बँड) लांब जातो, चिऱ्याच्या भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतो, पण त्याची रुंदी कमी म्हणून वेगही कमी. वेग मिळतो तो ३.५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर, आणि तो भिंतीपाशी, पत्र्यापाशी अडतो. नेटवर्क दाखवणाऱ्या ॲपमध्ये बँड 'एन७८' (हा वेगाचा) दिसतो की 'एन२८' (हा ७००चा) ते बघा. एन२८ असेल तर मोठ्या वेगाचा प्लॅन घेण्यात अर्थ नाही.

हद्दीवरच्या गावांची अडचण वेगळीच. बाची–शिनोळी, निपाणी–कागल, कागवाड–मिरज या पट्ट्यांत फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. टेलिकॉमसाठी कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल, म्हणजे सेवा-क्षेत्रं आहेत. घरावर बसवलेलं युनिट दोन टॉवरांमध्ये हेलकावे खात राहिलं की स्पीड टेस्ट छान येते आणि व्हिडिओ कॉल मात्र दर काही मिनिटांनी तुटतो. ॲपमधला नेटवर्क कोड बघितला की कळतं: एअरटेलचा कर्नाटकचा कोड ४०४-४५, महाराष्ट्र-गोव्याचा ४०४-९०. कोड सारखा बदलत असेल तर युनिट अशा कोपऱ्यात हलवा की पाण्याची टाकी किंवा जिन्याची भिंत नको असलेल्या टॉवरच्या आड येईल. कधी चार-पाच फूट सरकवलं तरी काम होतं. नाहीच झालं तर युनिट एकाच टॉवरला बांधून द्यायची मागणी कंपनीकडे करा.

उसाचा हिशोब

बीएसएनएल किंवा गावातल्या केबलवाल्याकडून ५.८ गिगाहर्ट्‌झची डिश घेतली असेल तर समोर टॉवर नुसता दिसून भागत नाही. अंतर २ किलोमीटर असेल तर मधोमध, डिशपासून टॉवरपर्यंतच्या सरळ रेषेखाली किमान ३ मीटर मोकळी जागा लागते. ५ किलोमीटरला जवळजवळ ५ मीटर. जोडणी उन्हाळ्यात होते, तेव्हा निपाणी-चिकोडीकडचं शिवार मोकळं असतं. दिवाळीपर्यंत मधल्या रानात पुरुषभर उंचीच्या वर ऊस गेलेला असतो आणि नेट रडायला लागतं. दोष राउटरला दिला जातो! डिशचा पाइप सुरुवातीलाच एक लांबी जास्त घ्या.

पाऊस पडला की नेट जातं, हेही अर्धंच खरं. या पट्ट्यांवर पावसाच्या थेंबांनी फारसं बिघडत नाही. बिघडवतात ती भिजलेली झाडं, आणि त्याहून जास्त केबलमधून शिरलेलं पाणी. केबल युनिटपर्यंत सरळ वरून खाली आणली की पाणी तिच्यावरून ओघळत थेट जोडात जातं. जोडाच्या खाली केबलला वीतभर झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून जाईल. केबल तांब्याचीच, बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर युनिटला पुरेशी वीज पोचवत नाही, मग ते आपोआप बंद-चालू होत राहतं. वळवाचा गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

लाइट गेल्यावर छोट्या यूपीएसवर राउटर चालू, दिवे पेटलेले, तरी नेट नाही? यूपीएस देतो १२ व्होल्ट. गच्चीवरच्या युनिटला केबलमधूनच वीज जाते, आणि ती बऱ्याचदा ४८ व्होल्टची असते. त्याचा ॲडॉप्टर वेगळा. तो इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावला नाही तर राउटर नुसताच जागा राहतो.

वेग मोजताना वाय-फायवर मोजू नका. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, सकाळी ७ आणि रात्री साडेनऊ असं तीन दिवस मोजा. सकाळी ९० एमबीपीएस आणि रात्री १५ आलं तर टॉवरवर गर्दी आहे, युनिट हलवून फरक पडणार नाही. दोन्ही वेळा कमीच आलं तर युनिटची जागा चुकली. सगळीकडे बरोबर ९४-९५वर अडत असेल तर बहुधा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत, किंवा राउटरचं पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे. आणि डाउनलोड होताना फोनवर '१२ एमबी' दिसलं म्हणून भांडू नका; १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबीच.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) जुन्या पद्धतीने राउटरचं पोर्ट उघडून बाहेरून बघायचा असेल तर ते एअरफायबरवर सहसा जमत नाही, कारण एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांना वाटून दिलेला असतो. कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲप वापरा. घरचं युनिट उचलून शेतात लावायचा विचारही सोडा. जोडणी पत्त्याला बांधलेली असते.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर समोरून 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच मिळतं, भाषा कुठलीही निवडा. वहीतले आकडे, वेळा आणि बँड सांगा, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. मुदतीत काम झालं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी जाता येतं.